शोधयंत्राने आपला शब्द परस्पर बदलावा का?

प्रश्न असा आहे : आपण शोधचौकटीत एक शब्द लिहितो, तो चुकीचा आहे असे शोधयंत्राला वाटते आणि ते न विचारता दुसराच शब्द घेऊन त्याचे निकाल समोर ठेवते; हे योग्य आहे का? प्रश्नकर्त्यांनी स्वतःचा अनुभवही सांगितला आहे. त्यांना अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले येथील तहसील कार्यालयाची माहिती हवी होती. त्यांनी ‘अकोले’ असे नीट लिहिले, तरी एका संकेतस्थळाच्या शोधात पुन्हा पुन्हा विदर्भातील अकोला शहराचीच पाने येत राहिली.

मी गेली अठरा वर्षे शोधप्रणालीच्या कामात आहे. आधी ग्रंथालयांच्या सूची आणि नंतर जुन्या मराठी नियतकालिकांचा संग्रह असा हा प्रवास झाला, आणि त्यातला मोठा काळ शब्ददुरुस्तीच्याच कामात गेला. माझे उत्तर आधीच सांगते. यंत्राने दुरुस्ती सुचवावी, अगदी मोकळ्या हाताने सुचवावी. परंतु माणसाने लिहिलेला शब्द उचलून त्या जागी दुसरा ठेवण्याचा अधिकार त्याने फार थोड्या ठिकाणी वापरावा, आणि जिथे वापरेल तिथे तसे उघडपणे सांगावे. हे मत का झाले, ते कळण्यासाठी ही दुरुस्ती आतून कशी चालते हे पाहावे लागेल.

पुष्कळांची समजूत अशी असते की यंत्राजवळ एक शुद्ध शब्दकोश असतो आणि त्यात नसलेला शब्द ते चूक ठरवते. सुरुवातीच्या काळात बऱ्याच अंशी तसे होते. फ्रेड डॅमराऊ यांनी १९६४ साली दाखवून दिले की लेखनातील ऐंशी टक्क्यांहून अधिक चुका चारच प्रकारच्या असतात : एक अक्षर गळणे, एक जास्तीचे पडणे, एकाच्या जागी दुसरे येणे, किंवा शेजारच्या दोन अक्षरांची अदलाबदल होणे. पुढच्याच वर्षी व्लादिमिर लेव्हेनश्टाइन यांनी दोन शब्दांमधले अंतर मोजण्याची रीत मांडली. आजही बहुतेक दुरुस्तीच्या मुळाशी ही दोन कामे कुठेतरी असतात. मात्र लोक ज्यांचा शोध घेतात ती नावे, गावे, औषधे, योजना आणि नवे शब्द कोणत्याच शब्दकोशात पुरते सापडत नाहीत. म्हणून पुढे शब्दकोशाची जागा लोकांनीच लिहिलेल्या शोधशब्दांच्या नोंदींनी घेतली. एखादा शब्द लिहून काहीच हाती लागले नाही की माणूस लगेच तो थोडा बदलून पुन्हा लिहितो. अशा लाखो जोड्या साठल्या की कोणत्या चुकीमागे कोणता शब्द असतो हे यंत्राला कळू लागते. या पद्धतीचे यश खरे आहे. एरिक ब्रिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली नोंदवले होते की शोधयंत्राकडे येणाऱ्या शोधशब्दांपैकी दहा ते पंधरा टक्क्यांत चूक असते, आणि २०२० साली गूगलनेही दहातील एक शोधशब्द चुकीचा लिहिलेला असतो असे सांगितले. ब्रिटनी स्पिअर्स या गायिकेचे नाव लोक किती प्रकारे चुकवतात याची जी यादी गूगलने एकेकाळी प्रसिद्ध केली होती, तिच्यात सहाशेच्या आसपास रूपे होती, आणि ती सगळी यंत्राला बरोबर उलगडत होती.

पण ती यादी नीट पाहिली की दुसरी बाजूही दिसते. नाव विख्यात होते म्हणूनच एवढे पुरावे जमले. यंत्र मुख्यतः दोन गोष्टी तोलते : हा शब्द मुळात किती लोकांना हवा असतो, आणि तो लिहिताना ही विशिष्ट चूक होण्याचा संभव किती. या दोन्हींचा गुणाकार ज्या शब्दासाठी सर्वांत मोठा, तो शब्द जिंकतो.

आता अकोला आणि अकोले यांचे उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी धरते. समजा, एका दिवसात पाच हजार जणांना अकोला हवे आहे आणि शंभर जणांना अकोले. इनस्क्रिप्ट या भारतीय लिपींसाठीच्या प्रमाण कळफलकावर काना आणि मात्रा शेजारशेजारच्या कळांवर आहेत, त्यामुळे अकोला शोधणाऱ्या शंभरांतील चौघांच्या हातून काना राहून मात्रा पडते असे धरू. म्हणजे त्या दिवशी ‘अकोले’ हा शब्द तीनशे वेळा येईल, दोनशे वेळा चुकून आणि शंभर वेळा जाणूनबुजून. यंत्राने प्रत्येक वेळी ‘अकोला’ असे दुरुस्त केले तर तीनपैकी दोन वेळा ते बरोबर ठरेल. अहवालात हे यश फार चांगले दिसते. पण ज्यांच्या बाबतीत ते चुकले ते शंभरच्या शंभर जण बरोबर लिहिणारे होते, आणि त्यांच्या बाबतीत ते एकदा नव्हे, दररोज चुकणार. चुकून लिहिणाऱ्याला मदत मिळाली आणि तिची किंमत नीट लिहिणाऱ्याने मोजली, असा हा व्यवहार आहे. भर म्हणजे मराठीत ‘अकोल्यात’, ‘अकोल्याला’, ‘अकोल्याहून’ ही रूपे दोन्ही गावांची सारखीच होतात, त्यामुळे विभक्तीचा प्रत्यय लागल्यावर कोणते गाव अभिप्रेत आहे हे शब्दावरून ओळखताच येत नाही. तिथे यंत्राने ठामपणे एकाच बाजूला जाणे म्हणजे निव्वळ अंदाज लादणे होय.

यात आणखी एक गोष्ट घडते, आणि मला ती सर्वांत गंभीर वाटते. शब्द बदलून निकाल दाखवले की त्या निकालांवरच्या टिचक्या (क्लिक) मूळ शब्दाच्या खात्यात नोंदल्या जातात. अकोले लिहिणाऱ्यासमोर दहाही दुवे अकोला शहराचे असतील, तर तो वाट शोधत त्यांतल्याच एखाद्यावर जाणार; आणि उद्या यंत्र म्हणणार की अकोले लिहिणाऱ्यांना अकोलाच हवे असते, याचा हा पुरावा. जो माणूस कंटाळून निघून गेला त्याची तर नोंदच राहत नाही. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत तक्रार आली नाही म्हणजे दुरुस्ती बरोबर, असे मीही धरून चालत असे. एकदा वाचनालयात एका निवृत्त शिक्षकांच्या शेजारी बसून त्यांना आमच्या सूचीत शोध घेताना पाहिले, तेव्हा तो समज गेला. त्यांना सांगली जिल्ह्यातील जत संस्थानाविषयीची पुस्तके हवी होती. त्यांनी ‘जत’ लिहिले. आमच्या यंत्राने ‘जात’ घेतले आणि जातिसंस्थेवरील ग्रंथांची लांबलचक यादी दिली. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा ‘जत’ लिहिले, पुन्हा तेच झाले. मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, “माझंच काहीतरी चुकतंय, बाई.” त्यांचे काहीही चुकत नव्हते. आमच्या नोंदीत मात्र त्या दिवशीचे दोन्ही शोध ‘यशस्वी’ म्हणून जमा झाले होते, कारण निकाल भरपूर आले होते.

मराठीला हा त्रास इंग्रजीपेक्षा अधिक होतो, याची कारणे भाषेतच आहेत. आपल्याकडे एका ऱ्हस्व-दीर्घाने किंवा एका ळकाराने शब्दच वेगळा होतो. वेल आणि वेळ, काल आणि काळ, मूल आणि मूळ, दिन आणि दीन, सुत आणि सूत, डोके या अर्थाचे शिर आणि रक्तवाहिनी या अर्थाची शीर. यांतला प्रत्येक शब्द शुद्ध आहे आणि दुसऱ्यापासून एकाच खुणेइतका दूर आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर तर ल आणि ळ एकाच कळीवर बसतात, फरक फक्त शिफ्ट दाबण्याचा. ‘मूल’ हे चंद्रपूर जिल्ह्यातील एका तालुक्याचेही नाव आहे, तेव्हा तिथल्या माणसाचा प्रश्न आणखीच अवघड होतो. त्यात देवनागरी लिपी मराठी आणि हिंदी यांची सामाईक आहे आणि हिंदीतील मजकूर कितीतरी पटींनी अधिक आहे. भाषा न ओळखता केवळ लिपी पाहून मोजणाऱ्या यंत्राला ‘पाणी’ हे ‘पानी’चे आणि ‘बाळ’ हे ‘बाल’चे चुकलेले रूप वाटू शकते. रोमन लिपीत लिहावे तर तिथे इंग्रजी उभी असते. पेण, वाई आणि माण ही गावे-तालुके, मोरे, दाते, माने, गोरे आणि काळे ही आडनावे रोमन अक्षरांत लिहिली की त्यांतील बहुतेक इंग्रजीतले शब्द होतात किंवा त्यांच्या अगदी जवळ जातात. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला आपल्या कुळाचा किंवा गावाचा शोध घेताना हे वारंवार सोसावे लागते, कारण त्याच्या यंत्रावर बहुधा देवनागरी कळफलकच नसतो.

इथे एक भेद स्पष्ट करायला हवा, कारण चर्चेत तो नेहमी निसटतो. एकाच शब्दाची दोन रूपे एक मानणे आणि एका शब्दाच्या जागी दुसरा घालणे या अगदी वेगळ्या क्रिया आहेत. पहिलीला मी समीकरण म्हणते, दुसरीला दुरुस्ती. ‘कऱ्हाड’ हा शब्द संगणकात दोन प्रकारे साठवता येतो : एकदा नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असलेला ऱ वापरून आणि एकदा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. हे एक मानणे यंत्राचे कर्तव्यच आहे आणि त्यासाठी कोणालाही विचारण्याची गरज नाही. ‘ॲ’ हे अक्षरही असेच एकाहून अधिक प्रकारे लिहिले जाते, त्यालाही हाच न्याय.

पण समीकरणही डोळसपणे करावे लागते. आमच्या संग्रहात एका टप्प्यावर ते अदृश्य जोडचिन्ह निरुपयोगी समजून सरसकट काढून टाकण्यात आले. काही दिवसांनी सह्याद्रीवरील जुन्या लेखांचा अभ्यास करणाऱ्या एका संशोधक बाईंनी विचारले की ‘दऱ्या’ शोधले तर कोळीगीते आणि गलबते का येतात? जोडचिन्ह गेल्याबरोबर दऱ्यांचा दर्या झाला होता. शाळेत आपण आचाऱ्यास आणि आचार्यास हा फरक शिकतो; तो संगणकात त्या एका न दिसणाऱ्या चिन्हावर उभा असतो. आम्ही ते काम पुन्हा केले. जोडचिन्ह न काढता ते नुक्त्याच्या ऱ मध्ये रूपांतरित केले, तेव्हा कुठे दोन्ही शब्द आपापल्या जागी गेले.

जुन्या मजकुराच्या बाबतीत तर दुरुस्तीचा मोह पूर्णपणे सोडावा लागतो. आजचे मराठी लेखन मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ सालच्या चौदा आणि १९७२ साली त्यांत भर पडलेल्या चार नियमांनुसार चालते. त्याआधीच्या पिढ्या ‘कांहीं’, ‘नांव’, ‘केलें’ असेच लिहीत होत्या, आणि ‘दर्पण’ हे वृत्तपत्र १८३२ साली सुरू झाले तेव्हापासून या नियमांपर्यंतचा बहुतेक छापील ठेवा अशा लेखनात आहे. एखादा अभ्यासक मुद्दाम अनुस्वारासह शब्द लिहितो, तेव्हा बहुधा त्याला ते लेखनच पाहायचे असते. म्हणून आमच्याकडे साधा शोध दोन्ही रूपे आणतो, आणि अवतरणचिन्हांत लिहिलेला शब्द मात्र जसाच्या तसा शोधला जातो. त्याला कोणी हात लावत नाही.

काही क्षेत्रांत तर सूचनासुद्धा जपून द्यावी लागते. हायड्रॉक्सिझिन खाज आणि ॲलर्जीसाठी देतात, हायड्रॅलाझिन रक्तदाबासाठी. नावे इतकी जवळची आहेत की औषधांच्या जगात त्यांच्या गोंधळाविषयी वारंवार इशारे दिले जातात आणि वेगळी अक्षरे ठळक करून छापण्याची पद्धत त्यासाठीच आली. अशा जागी परस्पर शब्द बदलणे मला अक्षम्य वाटते. दोन्ही नावे शेजारी ठेवून, प्रत्येकाचा उपयोग लिहून, निवड माणसावर सोडावी. क्रमांकांचेही तसेच. उसाच्या जातींपैकी को ८६०३२ वेगळी आणि कोएम ०२६५ वेगळी. बेणे शोधणाऱ्या शेतकऱ्याच्या आकड्यात यंत्राने बदल केला तर त्याचा परिणाम एक हंगामभर शेतात उभा राहतो. गट क्रमांक, शासन निर्णयाचे सांकेतांक, यंत्राच्या सुट्या भागांचे क्रमांक यांना दुरुस्तीतून संपूर्ण वगळावे, यावर मी कधीही तडजोड केलेली नाही.

मग परस्पर दुरुस्ती कधीच नको का? तसे मी म्हणणार नाही, आणि यामागे एक प्रसंग आहे. एका ई-सेवा केंद्रात मुलीच्या शिष्यवृत्तीची माहिती शोधणाऱ्या एका आईला मी पाहिले होते. त्यांनी मोबाईलवर ‘शिश्यवृती’ लिहिले. ज्या संकेतस्थळावर त्या शोधत होत्या, त्याने ‘काहीही आढळले नाही’ एवढेच उत्तर दिले, आणि त्यांनी मोबाईल पदराने पुसून पिशवीत ठेवला. त्या शब्दाजवळ दुसरा कोणताही शब्द नव्हता, दुसरा कोणताही अर्थ संभवत नव्हता आणि चुकीच्या निकालाने कोणाचे नुकसान होणार नव्हते. शुद्धलेखन न येणे हा माहिती नाकारण्याचा आधार होऊच शकत नाही. मराठी शाळेत चार इयत्ता शिकलेल्या माणसालाही शासनाच्या योजना तितक्याच सहज सापडल्या पाहिजेत. अशा ठिकाणी दुरुस्ती न करणारे यंत्र आळशी आहे, असेच मी म्हणेन.

त्यामुळे माझ्या हाताखाली शिकणाऱ्यांना मी पुढील कसोटी सांगते. लिहिलेल्या शब्दाला स्वतःचे निकाल आहेत का, हे आधी पाहा. असतील, तर तो शब्द जिवंत आहे. त्याचे निकाल वर ठेवा आणि आपली शंका त्यांच्या माथ्यावर एका ओळीत विचारा. एकही निकाल नसेल आणि जवळचा शब्द एकच असेल, तर बदला, पण ‘अमुक शब्दाचे निकाल दाखवत आहोत’ असे लिहा आणि त्याच ओळीत मूळ शब्दाकडे परतण्याचा दुवा द्या, बारीक करड्या अक्षरांत नव्हे, बोटाला सापडेल असा. दोन अर्थ सारख्याच शक्यतेचे असतील तर दोन्ही गटांचे निकाल वेगवेगळे दाखवा. आणि एखाद्याने मूळ शब्द परत निवडला, तर तो संकेतस्थळावर असेपर्यंत पुन्हा त्याच्याशी वाद घालू नका. शेवटची सूचना पाळणे तांत्रिकदृष्ट्या अगदी सोपे आहे आणि तरी ती सर्वांत जास्त मोडली जाते.

मोठ्या शोधयंत्रांनीही या प्रश्नावर दिशा बदललेल्या आहेत. शब्दाआधी अधिक-चिन्ह लावून तो जसाच्या तसा शोधण्याची सोय गूगलने ऑक्टोबर २०११ मध्ये बंद केली. त्यावर नियमित वापरणाऱ्यांची नाराजी उमटली, आणि पुढच्याच महिन्यात ‘व्हर्बॅटिम’ ही शब्दशः शोधाची सोय दिली गेली. ती अजूनही आहे, पण साधनांच्या यादीत आत असल्यामुळे बहुतेकांना ठाऊक नसते. ज्याला शब्दशः शोध हवा आहे त्याने तो आत जाऊन हुडकावा आणि ज्याला दुरुस्ती हवी आहे त्याला ती न मागता मिळावी, ही मांडणी संख्येच्या हिशेबाने समजते. मला ती पटत नाही.

प्रश्नकर्त्यांना तूर्त करता येण्याजोगे सांगते. शब्द दुहेरी अवतरणचिन्हांत लिहावा. त्याने भागले नाही तर गावाच्या नावाला असा शब्द जोडावा जो दुसऱ्या गावाला लागू होणार नाही : ‘अकोले संगमनेर’, ‘अकोले भंडारदरा’, ‘अकोले राजूर’. ‘तालुका’ किंवा ‘तहसील’ एवढाच शब्द जोडून उपयोग होत नाही, कारण अकोला येथेही तहसील आहे. देवनागरीत लिहिताना शब्दाला प्रत्यय लावू नये, म्हणजे ‘अकोल्यातील’ असे न लिहिता ‘अकोले’ हे मूळ रूपच ठेवावे. आणि निकालांच्या वर मूळ शब्दाने शोधण्याचा दुवा दिसत असेल, तर हवी ती माहिती दुसरीकडून मिळाली असली तरी त्यावर एकदा टिचकी मारावी. नोंदी तपासणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला, हा शब्द चुकून नव्हे तर जाणूनबुजून लिहिला होता हे कळण्याची तीच एक खूण असते, आणि मी स्वतः ‘जत’ला दुरुस्तीतून वगळले ते अशाच मोजून अकरा टिचक्यांच्या आधारावर.